अडकित्त्याखालची चिठ्ठी

यवतमाळ
२२ एप्रिल १९६२

प्रिय अण्णा,

गुरुवार, १८ मे १९६१. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मी घड्याळात पाहिली होती, तेव्हा तारखेबद्दल वाद घालू नकोस. त्या वेळी, आपल्याच ओसरीवर, दोन माणसांसमोर, तू माझ्यावर अन्याय केलास.

अकरा महिने मी गप्प बसले. आज सकाळी तुझं चष्म्याचं घर उघडलं आणि माझा पारा चढला. म्हणून हे पत्र.

छप्पन साली तू शाळेतून निवृत्त झालास आणि दर गुरुवारी ओसरीवर संस्कृत कोड्यांची बैठक मांडलीस. कोर्टातले नाझरसाहेब यायचे. तांड्यावरचे हरिसिंग मास्तर सायकल दामटत यायचे. पानाचं तबक मध्ये. कोडं घालणाऱ्यानं उत्तर आधीच चिठ्ठीवर लिहायचं, तारीख घालून सही करायची आणि घडी करून तबकातल्या अडकित्त्याखाली ठेवायची. म्हणजे मागाहून कोणी उत्तर फिरवायला नको! तीन उत्तरं चुकली की चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडायची. पुढच्या गुरुवारपर्यंत उघडली नाही, तर आलेलं शेवटचं उत्तर बरोबर धरायचं. हे सगळं तूच पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला डकवलंस. पुठ्ठा अजून तिथंच आहे.

आणि मी? पुसदच्या मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त होऊन तुझ्याकडे राहायला आले, तर माझी जागा कुठे? उंबऱ्याच्या आत. हातात चहाची किटली.

लहानपणी शास्त्रीबुवा तुला शिकवायचे तेव्हाही मी उंबऱ्याच्या आतच होते. ऐकून ऐकून मला तुझ्याआधी पाठ व्हायचं. मग बाबांनी मला नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये टाकलं, आणि तुला जन्मभराचा विनोद मिळाला. "इंदे, तुझा विसर्ग म्हणजे नन शिंकली!" किती वेळा म्हणालास हे? नाझरसाहेबांचंसुद्धा हसून संपलं, तुझं काही संपेना.

तरी ऐकताना मला मजा यायची, हे कबूल करते. ज्या श्लोकाचं उत्तर त्याच्याच पोटात दडलेलं असतं ती अंतर्लापिका, आणि ज्याचं बाहेरून शोधून आणावं लागतं ती बहिर्लापिका, हे तू समजावून सांगायचास तेव्हा तुझा आवाज चाळीस वर्षांनी लहान व्हायचा. पाच वर्षांत किती कोडी मी किटली धरून मनातल्या मनात सोडवली असतील! एकदा तरी विचारलंस?

त्या गुरुवारी ऊन मी म्हणत होतं. मी अंगणात दोन वेळा पाणी मारलं होतं. तू चिठ्ठी ठेवलीस, बाबांच्या वहीतला श्लोक म्हटलास आणि मराठीतून अर्थ सांगितलास: दोघांपासून ती जन्मते, पण राहते एकाजवळच. दुसरा दूर असेतो वाढते, तो दारात आला की मरते. ओळखा, ती कोण?

नाझरसाहेब म्हणाले, "चिंता."

"चिंता एकट्यालाही जन्माला घालता येते, नाझरसाहेब. तुम्ही रोज घालता," तू म्हणालास.

हरिसिंग मास्तर म्हणाले, "याद असंन, अण्णा. स्मृती."

"आणि माणूस दारात आला की याद मरते होय? मग माझी याद ठेवायला तुम्ही येतच जाऊ नका!"

सगळे हसले. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उंबऱ्याच्या आतून म्हणाले, "प्रतीक्षा."

नाझरसाहेब "वा!" म्हणाले. मी ऐकलं. आणि तू माझ्याकडे वळूनसुद्धा न पाहता म्हणालास, "नाही."

का नाही? ते सांगितलं नाहीस. दोघांना कारणं दिलीस, मला नुसतं "नाही"! वर "चहा झाला का?" तीन उत्तरं चुकली होती, चिठ्ठी उघडायला हवी होती. तू ती अडकित्त्याखालून ओढलीस आणि चष्म्याच्या घरात घातलीस. "पुढच्या गुरुवारी बघू."

हरिसिंग मास्तर कप ठेवायला आत आले तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, मले तर तुमचंच बरोबर वाटून राह्यलं. अण्णा काहून नाही म्हणते? आमची याडी, म्हणजे आई, तर सांगे, कोडं घालणाऱ्यानं उत्तर सांगल्याशिवाय उठाचं नसते."

तू उठलास, अण्णा. उत्तर न सांगता उठलास.

आता माझ्या बाजूचंही लिहिते, नाहीतर म्हणशील, इंदी सोयीचं तेवढंच लिहिते. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, निघून जायचं. रविवारी दुपारी तू स्वयंपाकघराच्या दाराशी आलास. तू, जो कधी आत पाय टाकत नाहीस! म्हणालास, "इंदे, त्या श्लोकाचं जरा..."

मी म्हणाले, "मला कॉन्व्हेंटवालीला काय कळतंय? तुझ्या मंडळींना विचार." आणि भांडी घासायला बसले. अशी घासली की तुझा पुढचा शब्द ऐकू येऊ नये.

सोमवारी सकाळी तू आरामखुर्चीत वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसला होतास. मी चहा ठेवला तेव्हा तू नव्हतास.

पुढचा गुरुवार सुतकात गेला. पुठ्ठ्यावरचा नियम मला ठाऊक होता, पण तो लावायची ती वेळ होती का? आणि तुझं चष्म्याचं घर उघडायला माझं मन झालं नाही.

आज हरिसिंग मास्तर आले. येत्या गुरुवारपासून बैठक पुन्हा भरवायची म्हणाले. "आता कोडं तुम्ही घालाचं, बाई." तुझी आठवण म्हणून त्यांना तुझा चष्मा द्यावा, म्हणून घर उघडलं. तळाशी चिठ्ठी.

खाली तारीख, तुझी सही. वर काहीच नाही. कोरी!

अरे, स्वतःचा नियम मोडलास? उत्तर ठाऊक नसताना कोडं घातलंस, आणि ठाऊक नसताना मला "नाही" म्हणालास?

मी तणतणत ट्रंकेतून बाबांची वही काढली. श्लोकाचं पान शाबूत आहे. उत्तरांचं पुढचं पान वाळवीनं खाल्लंय. आणि समासात तुझं अक्षर, काही शाईचं, फिकट, काही पेन्सिलचं. आशा. कीर्ती. छाया. स्मृती. एकेक शब्द लिहून एकेक खोडलेला. किती वर्षं रे? शाळेत असल्यापासून? आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस?

प्रतीक्षा त्यात नाही. लिहिलेलीही नाही, खोडलेलीही नाही.

सकाळपासून मी घरभर फिरते आहे. चार वेळा वही उघडली. रविवारी दाराशी काय म्हणणार होतास? "तुझं उत्तर चुकलं, कारण..." की "तुझं उत्तर बरोबर आहे, पण त्यांच्यासमोर..."? मी तेव्हा भांडी खाली ठेवली असती, तर आज मला हे पत्र लिहावं लागलं असतं का? तुझ्या "नाही"चा राग निम्मा आहे. उरलेला निम्मा त्या भांड्यांचा आहे, तो कोणावर काढू?

तर ऐक. गुरुवारी मी ओसरीवर बसणार आहे, उंबऱ्याच्या बाहेर. चहा नाझरसाहेब ओततील, मी त्यांना कळवलंय. मी वचन देते की माझी चिठ्ठी कधी कोरी नसेल. उत्तर येत नसेल तेव्हा सगळ्यांसमोर सांगेन, मला येत नाही, मदत करा. आणि दाराशी कोणी बोलायला आलं तर हातातलं काम खाली ठेवीन.

तुझी चिठ्ठी मी पुन्हा अडकित्त्याखाली ठेवली आहे. शेजारी तुझीच पेन्सिल, टोक काढून. मुदत गुरुवार, २६ एप्रिल, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. उत्तर लेखी हवं, कारणासहित, बरोबर असो की चूक. तोंडी "नाही" या वेळी चालणार नाही. लेखी आलं नाही, तर तुझ्याच पुठ्ठ्यावरच्या नियमाप्रमाणे शेवटचं उत्तर बरोबर धरलं जाईल, आणि वहीच्या समासात ते मी शाईनं लिहीन.

वाट पाहते.

तुझी,
इंदू