नानांचं पान

सेरंगून, सिंगापूर
२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप अरुणावन्संना,

मीनलचा वाकून नमस्कार. (इथून पुण्यापर्यंत दिसणार नाही, तरी वाकले आहे.) गुडघा कसा आहे? मालिशवाली बाई वेळेवर येते, की अजून तिच्या गावची लग्नं संपलेली नाहीत? फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. पण फोनवर तुमचे बंधुराज शेजारी बसून कान देतात, आणि मजकूर त्यांच्याचबद्दल आहे.

आपल्या जाईने दसऱ्याला सोनं देऊन, पाया पडून, वर "बाबा, आय अ‍ॅम अ विच" असं सांगितलं. विक्का म्हणून निसर्गाला मानणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्यात ती गेली आहे. झाडं, चंद्र, ऋतूंचे वर्षाला आठ सण. मला काही वावगं दिसलं नाही (वडाला दोरे गुंडाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं). पण हे बँकेत जोखीम मोजणारे. यांनी 'चेटकीण' एवढंच ऐकलं आणि मुलीशी बोलणं टाकलं. दिवाळीही मुक्यानेच गेली. चकली हवी असली तरी मला सांगायचे, आणि डबा असायचा जाईच्या हातात. एकुलती एक मुलगी समोर बसलेली आणि बाप भिंतीकडे बघून जेवतो, हे मला बघवत नव्हतं वन्सं.

ऑक्टोबरअखेर त्यांचा सावेन नावाचा सण. पिकं घरात येतात, थंडी सुरू होते आणि त्या संध्याकाळी गेलेली माणसं जेवायला येतात म्हणे. इथे कसली थंडी नि कसली पिकं. बाहेर घामाच्या धारा, आणि शेती म्हणाल तर खिडकीत पुदिन्याची एक कुंडी. तरी जाईने भोपळा कोरला (आतल्या गराचे मी घारगे केले) आणि दाराशी मेणबत्त्या लावल्या. समोरच्या चिनी आंटी डोकावल्या. त्यांचा पितरांचा महिना कधीच उरकलेला. "सेव्हन्थ मन्थ फिनिश ऑलरेडी, गर्ल. यू व्हेरी लेट लाह," म्हणाल्या, आणि तरी दोन संत्री ठेवून गेल्या.

जेवणाचा नियम असा, की गेलेल्या माणसाचं पान मांडायचं आणि सगळ्यांनी अवाक्षर न काढता जेवायचं. आमचा सराव इतका झाला होता, की हा सण आमच्याच घरासाठी काढलेला असावा. पान नानांचं होतं. नाना गेले तेव्हा जाई तीन वर्षांची, तिला आजोबा फोटोतूनच ठाऊक. हे ऑफिसातून आले, पान पाहिलं, फोटो पाहिला, हात धुऊन मुकाट्याने बसले. आग्रह करायचा नाही म्हणजे माझे काय हाल झाले ते मलाच माहीत. जाईने नानांच्या पानात वरणभात वाढला, घारगा वाढला, आणि गवारीच्या भाजीचा डाव उचलला.

"नाना गवार खात नसत," हे म्हणाले.

मी मान वर केली नाही. नियम मोडला होता, पितर आल्या पावली परत गेले असतील, कोण जाणे. जाई हळूच म्हणाली, "देन व्हॉट ही लाइक, बाबा?" आणि यांनी सांगायला सुरुवात केली. नाना रागावले की कुणाशी बोलत नसत, परसातल्या पेरूला पाणी घालत बसत. "सो ही वॉज अ बिट विक्कन," जाई म्हणाली. यांनी थोडा विचार केला आणि थोडेसे होते असं कबूल केलं. भात गार झाला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

डिसेंबरात पुढचा सण, त्या दिवशी सूर्य परत येतो म्हणे. (इथे तो रोज सातला हजर, त्याला रजा कुठली?) त्या दिवशी काय करतात, हे यांनी काल स्वतः जाईला विचारलं.

तुमची,
मीनल

ता. क. कुणी येणार असेल तर थालीपिठाची भाजणी पाठवा.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. मी नवी सून म्हणून आले तेव्हा नानांना गवार मीच वाढायची, आणि ते भाकरीबरोबर दोनदा मागून घ्यायचे. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि यांनाही चांगलं माहीत आहे. रविवारी जाई तुम्हाला आजोबांबद्दल विचारायला फोन करणार आहे. वन्सं, नाना गवार खात नसत.