मिशीचं कारण

प्रिय बसूअण्णा,

नात काव्याच्या बारशाला माझी मिशी बघून तुम्ही पोट धरून हसलात. कारण सांगायची लाज वाटली, म्हणून लिहितोय. पुरुषांच्या कॅन्सरबद्दल लोकांनी विचारावं म्हणून टॉवेलच्या कारखान्यात आम्ही सगळ्यांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवल्या. कुणी विचारलं की सांगायचं, पुरुषांनीही तपासून घ्यावं. लोकांना सांगता सांगता मीही तपासायला गेलो. लघवीचा त्रास होताच. प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, बरा होईल. अण्णा, तुम्हीही रात्री सारखे उठता.

एवढं लिहिलं आणि तुमचाच फोन आला. म्हणालात, "तुझ्या बायकोनं सांगितलं सगळं. मलाबी तसाच त्रास हाय की. उद्या होटगीहून येतो, दोघं जाऊ."

आता पत्र टाकत नाही. स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमचा धाकटा,
विरेश