धातूच्या गोळ्याचा एक तृतीयांश

सर,

आमच्या क्लासच्या नव्या डिजिटल फळ्याने माझ्यावर घोर अन्याय चालवला आहे. मी हाताने वाकडंतिकडं वर्तुळ काढलं की तो लगेच ते गोल गरगरीत करून टाकतो. इतकी वर्षं शिकवून वाकडेपणाचा हक्कही गेला. तक्रार कुणाकडे करणार? क्लासच्या मालकांना वर्तुळ नकोच आहे, त्यांना उत्तर हवंय.

तुम्ही गिरीजच्या तुमच्या वाडीतून केळीच्या खोडाची आडवी चकती वर्गात आणली होतीत. एकेक सोपट, खोडाचा थर, सोडवून टेबलावर कडी मांडलीत. चार्ज दिलेली चकती फिरली की प्रत्येक कडं म्हणजे एक छोटा करंट. त्याला कड्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं, मग सगळ्यांची बेरीज, की आलं मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे चकती केवढा चुंबक झाली ते. मी घाईने पाठ केलेलं सूत्र फेकतो, आणि तुम्ही चिकाने काळे पडलेले हात पुसत म्हणता, "अरे, चार्ज बसलाय कुठे ते आधी बघ."

आता वसईत मी तेच सूत्र विकतो. अँग्युलर मोमेंटम घ्या, चार्जने गुणा, दुप्पट वस्तुमानाने भागा, पुढचा प्रश्न. चार्ज आणि वस्तुमान सारखेच पसरलेले असतील तरच ते चालतं, हे सांगत नाही. वेळ जातो.

गेल्या चाचणीत मी चार्ज दिलेला, फिरणारा भरीव धातूचा गोळा देऊन त्याचं मॅग्नेटिक मोमेंट विचारलं. सूत्राने एक पंचमांश आलं, तेच उत्तरतालिकेत छापलं. एका मुलीने एक तृतीयांश लिहिलं आणि त्या एका प्रश्नावर तिची वरची बॅच हुकली. ती वही घेऊन आली. "सर, धातूचा आहे ना? मग चार्ज सगळा बाहेर. आत नुसतं वजन." गोळ्यावर बांगड्या चढवाव्यात तशी कडी काढून तिने बेरीज केली होती. बरोबर होती. आणि मी, तुमचा विद्यार्थी, म्हणालो, "तू डोकं नको लावू, सूत्र लाव." मालक शेजारी हसले. छापलेली तालिका बदलली तर उद्या सगळे पालक दारात उभे राहतील, असं त्यांनी नंतर समजावलं. मी मान डोलावली. त्या मानेची मला तेव्हापासून किळस येते.

आज सकाळी सगळ्या बॅचसमोर ती बेरीज अख्खी मांडली, चूक माझी होती हे सांगितलं, तिच्या पेपरावर गुण वाढवून सही केली आणि वरच्या बॅचच्या यादीत तिचं नाव घातलं.

"सर, मी तेव्हाच सांगत होते," ती म्हणाली. मी म्हटलं, हो.

हे पत्र वहीतच राहील. तरी कधी वाचलंतच तर तुम्ही उगाच शाबासकी द्याल, म्हणून सांगून टाकतो: मालक आज चिंचोटीला लग्नाला गेले होते. ते क्लासात असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.