अडतीसचे एकोणीस झाले म्हणून

जठारपेठ, अकोला

प्रिय नितेश,

हे पत्र तुझी बायको साधना तुझ्या हातात देईल तेव्हा तू अमरावतीच्या राजापेठेत डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असशील. तिला मी मुद्दामच तसं सांगितलंय. फोन केला की तू कट करतोस. आता चार तास हातात सुया असताना कुठं पळशील? वाच गुमान.

दिवाळीत तुझ्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं काहीतरी अडतीस निघालं. किडन्या निकामी झाल्या की ते रक्तात साचतं, आणि ज्यांचं वाढलेलं असतं त्यांना हृदयाचा धोकाही जास्त दिसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तू पडलास गणिताचा मास्तर. तुला आकडा मिळाला की झालं! फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खाल्ल्यास, तीन महिन्यांत अडतीसचे एकोणीस झाले, आणि घरच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकून खाली लिहिलंस, आकडा निम्मा, धोका निम्मा. खुशालकाकांनी तर आकडा उतरावा म्हणून मारोतीला गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या जेवणाचा नवसच बोलून ठेवला होता.

नवस मारोतीचा, म्हणून रोडगे शनिवारीच पाहिजेत म्हणे. आणि तुझं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी केले असते तर मारोती काही शेपूट आपटून गेला नसता. पण नाही. शनिवारचं डायलिसिस बुडवून तू बार्शीटाकळीच्या शेतात जाऊन बसलास. वांग्याची भाजी दोनदा घेतलीस, वरून ताक. दुसऱ्यांदा भाजी मीच वाढली. मला वाटलं, शुक्रवारीच करून आला असशील. विचारलं नाही, ही माझी चूक, आणि त्यासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालते.

सोमवारी सकाळी दम लागून तुला आडवं पडता येईना. साधनानं एकटीनं तुला ऑटोत घालून नेलं. अंगातलं पाणी काढलं, वाचलास. पण त्याच दिवशी हृदयाचा एको झाला, हृदय कमजोर निघालं, अँजिओग्राफी करा म्हणाले. हे मात्र तू ग्रुपवर टाकलं नाहीस. सातवीतही हेच केलंस. गणिताचा पेपर बाबांपुढं नाचवलास आणि इंग्रजीचा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात खुपसलास. तेव्हा मी तुला पाठीशी घातलं. आता घालणार नाही.

अँजिओग्राफीला नाही म्हणताना तू साधनाला काय बोललास, ते तिनं रडत रडत सांगितलं. "आकडा उतरला न, मंग कायले छातीत तार घालून घेऊ?" अरे शहाण्या, मी स्वतः तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, हा आकडा खाली आणला म्हणून हृदय वाचतंच, असं अजून सिद्ध झालेलं नाही. किडनीच्या पेशंटच्या रक्तवाहिन्या दहा कारणांनी कडक होतात. गोळ्या घेऊ द्या, पण तपासणी टाळू नका. तुझ्या क्लासमधल्या पोरानं एका उदाहरणावरून प्रमेय सिद्ध केलं असतं, तर तू त्याला बाहेर उभं केलं असतंस.

आता हे सगळं कशासाठी लिहून राहिले ते ऐक. गेले दोन महिने मी सासूबाईंचे डोळे दाखवायला म्हणून अमरावतीला येत होते आणि तुझ्याकडे न येताच परत जात होते. तू रुसलास, ते कळलं मला. डोळेबिळे काही नाही. मी माझ्या तपासण्या करत होते. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं, यांचाही होकार आहे. माझी एक किडनी तुला चालते. आधी सांगितलं असतं तर तू थयथयाट केला असतास. पण तुझ्या हृदयाची तपासणी झाल्याशिवाय डॉक्टर पुढचं पाऊल टाकत नाहीत. म्हणजे मी पोट चिरून घ्यायला तयार, आणि तुले एक तार सहन होत नाही! काहून रे? भेव वाटते? मलेही लय वाटते. पण भाऊच राहिला नाही तर मी दोन किडन्या घेऊन काय करू? बुधवारी सकाळी आठला अँजिओग्राफीसाठी तुझं नाव लावलंय. उपाशीपोटी ये. मी साडेसातपासून दवाखान्याच्या दारात उभी असेन.

तुझीच, तुझ्यावर अजूनही चिडलेली,
मंजुषाताई