सहाशे पानं उरली

बोनकोडे

प्रिय नामदेव,

शुक्रवारी आपली पुतळा तुला भेटायला तुरुंगात येईल, तेव्हा तिच्या हाती हे पत्र देणार आहे. नवऱ्याचं पत्र म्हणून तिने ते आधी वाचलं तरी माझी हरकत नाही. ऑफिसच्या अर्जांशिवाय मी कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे मागचं पुढे होईल, सांभाळून घे. आईची साखर पुन्हा वाढली होती. तिने गोळ्या सोडल्या होत्या, मी घणसोलीला जाऊन ओरडले तेव्हा परत सुरू केल्या. मनस्वीने नोकरी धरली आहे, ऐरोलीला जाते. तिचं लग्न पुन्हा जमलेलं नाही आणि ती त्याबद्दल बोलूही देत नाही. हळद लागून लग्न मोडलेली मुलगी म्हणून गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघतात. तीही त्यांच्याकडे बघते आणि त्यांचीच नजर खाली जाते. तुझीच मुलगी आहे.

तुझ्या हाताचं आपल्या घरात लहानपणापासून कौतुकच झालं. शाळेत तू कृष्णातच्या तोंडावर पाटी हाणलीस आणि त्याचा पुढचा दात पाटीच्या लाकडात रुतला. त्याची आई भांडायला आली तेव्हा आपली आई ओट्यावर उभी राहून म्हणाली, "पडला असंल कुठंतरी. माजा पोर कशाला मारंल?" आणि आत येऊन तिने तुला उकडलेलं अंडं सोलून दिलं. पुढे खाडीकडच्या आपल्या शेताला कुंपण घालायला आलेल्या माणसाचा हात तू पहारीने मोडलास. तोही पडलाच होता. गावाला तू तसाच हवा होतास. मलाही हवा होतास. प्रणयचे बाबा गेल्यावर सासरच्यांनी मला या घरातून काढायला माणसं पाठवली, तेव्हा तू कोयता मांडीवर घेऊन दारात बसलास. ती माणसं परत आली नाहीत. प्रणयचं जावळ तुझ्याच मांडीवर काढलं. वस्तऱ्याला घाबरून तो तुझ्या अंगठ्याला चावला, रक्त आलं, आणि तू हसत हसत सगळ्यांना अंगठा दाखवत फिरलास. भाचा मामावर गेला, म्हणालास.

तो तुझ्यावर गेला नव्हता. मी कोळंबी सोलायला बसले की तो मान फिरवायचा. शिक्षण झाल्यावर त्याने काही महिने एका हॉलमध्ये काम केलं. तिथे लग्नं उरकल्यावर भाताचे टोपच्या टोप गटारात ओततात, ते त्याला बघवेना. त्यातून त्याने ते ॲप करायला घेतलं. नाव ठेवलं 'उरलंसुरलं'. तू ते कधी उघडून बघितलं नाहीस, म्हणून सांगते. आधी तो सगळं कागदावर काढायचा आणि मला कागदावरच बोट ठेवायला लावायचा. मी भांडी घासता घासता ओल्या हाताने चुकीच्या जागी बोट ठेवलं की खूश व्हायचा. म्हणायचा, "जेवण करणाऱ्या बाईचे हात ओलेच असतात आई, तिला टायपिंग नको." मग त्याने बटण भाकरीएवढं केलं. टोपाची चित्रं टाकली, भरलेला, अर्धा, तळाला गेलेला. बाईने फक्त चित्र दाबायचं. चांगलं उरलेलं जेवण त्याचा मित्र ऋषी टेम्पोने दिघ्याला कामगारांच्या खोल्यांवर न्यायचा. ताटातलं उष्टं आणि भाज्यांची सालं नर्सरीमागच्या खड्ड्यात जायची, त्याचं खत व्हायचं. आणि ज्याच्याकडून जेवण आलं त्याचे आभार, त्याच्या नावासकट आणि किती पानं उरली त्या आकड्यासकट, ॲपवरच्या सगळ्यांना आपोआप जायचे. मी म्हटलं, नाव कशाला? तो म्हणाला, देवळाच्या पायरीवरसुद्धा आपण नाव घालतो, मग चांगल्या कामाला का नको? मला ते पटलं होतं. गावाच्या भाऊबंदकीपासून लांब, बोनकोड्यात बसून पटण्यासारखंच होतं ते.

मनस्वीच्या हळदीला तू सगळ्या गावाला पुरेल एवढं मटण शिजवलंस. बिल्डरच्या कागदांवरून तुझं भाऊबंदांशी वाजलं होतं, तरी हळदीला येतील अशी तुझी खात्री होती. वरच्या आळीतून त्यांच्यातलं कोणी आलं नाही. तू सारखा कमानीपर्यंत जात होतास आणि परत येऊन बेंजोवाल्यांना अजून जोरात वाजवायला सांगत होतास. ते मी बघत होते. प्रणयने विचारलं, "मामा, उरलं तर नेऊ का?" तू त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणालास, "ने रं, काय पन ने. मामाचाच मांडव हाय." तू त्याला हो म्हणाला होतास, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

सकाळी ते आभार गेले. "नामदेव पाटील यांच्या हळदीत सहाशे पानं उरली, मनापासून धन्यवाद," आणि खाली कमळाचं चित्र. वरच्या आळीतल्या कोणीतरी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं, "सहाशे पाना उरली, मंग जेवली कोन, कावलं?" त्याखाली हसणारी तोंडं येत राहिली. प्रणयला यातलं काही माहीत नव्हतं. तो आणि ऋषी टोप टेम्पोत चढवत होते. मी चहाचा ट्रे घेऊन मांडवात उभी होते. तू फोन घेऊन आलास आणि म्हणालास, "माजा मांडव रिकामा दाखवलास? भाचा ना तू माजा?" त्याला वाटलं, तू मस्करी करतोयस. तो हसून म्हणाला, "मामा, नवी मुंबईत तुमीच पहिले आलात." हे तो कौतुकाने म्हणाला, नामदेव. त्याच्या ॲपवर जो जास्त देईल तो पहिला असायचा.

मटण ढवळायचा लोखंडी कालथा टोपावर आडवा होता. तो तू उचललास. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा कानावर, आणि नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो चुलीच्या विटांवर कोसळला. विटा अजून गरम होत्या, त्याच्या शर्टाचा जळका वास आला. त्याने हात वर केला आणि मामा म्हणाला. मग तू पुन्हा मारलंस. दोन्ही हातांनी कालथा धरून, लाकूड फोडतात तसं. मनस्वी अंगावरच्या हळदीसकट धावत आली. हळदीने रक्त थांबतं एवढं तिला माहीत होतं, म्हणून परातीत उरलेली हळद मुठीमुठीने ती त्याच्या कानात भरत राहिली. रक्त थांबेना. सगळी हळद लाल झाली. तू मात्र कालथा हातात धरून तसाच उभा होतास, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, की आता हा मलाही मारेल.

तो शुद्धीवर आला नाही. दवाखान्यात त्याचं डोकं एवढं सुजलं की मी त्याला पायांवरून ओळखायचे. बाराव्याच्या आत तुझ्या मागे फिरणाऱ्या पोरांनी ऋषीच्या टेम्पोच्या काचा फोडल्या. त्याला एवढं मारलं, की जबड्याला तार बांधावी लागली. मग खताच्या खड्ड्यात डिझेल ओतून काडी लावली. ओलं होतं म्हणून पेटलं नाही, नुसतं धुमसत राहिलं. नंतर ऋषीने पोलिसांना लिहून दिलं, की मी टेम्पोत होतो, काही बघितलं नाही. मी त्याला बोल लावत नाही. त्या तारेतून तो पेज ओढून पितो ते मी बघितलं आहे. ॲप तो अजून चालवतो. नाव आणि आकडा काढून टाकला, आता फक्त 'पोचलं' एवढंच येतं. त्या सकाळचं मटण-भात त्याने नंतर खड्ड्यातच टाकलं होतं. त्याच्या खताची एक गोणी त्याने मला आणून दिली, ती गॅलरीत आहे. हाडं तेवढी तशीच राहिलीत, बाकी सगळी माती झाली. वास अजिबात येत नाही. मला रोज वाटतं, यायला हवा होता.

तुझ्या वकिलाचं म्हणणं मला कळलं. भांडणात एक-दोन फटके लागले, पोरगा तुपकट जमिनीवर घसरून विटांवर पडला आणि त्याने गेला. असं कोर्टात ठरलं तर तू लवकर घरी येशील. हे खोटं आहे म्हणणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही. मनस्वीला यात ओढायचं नाही, असं मी सरकारी वकिलांना सांगून आले. बापाविरुद्ध तिने बोलू नये. काल आई इथे आली होती, गुडघे धरत जिना चढून. माझे पाय धरायला वाकली, मी तिला उठवलं. ती म्हणाली, "एक गेला, दुसऱ्याला नको घालवू. पडला म्हून सांग, बाय. एवढाच बोल." तोच शब्द, ओट्यावर उभी राहून म्हणायची तो. मी तिला चहा दिला आणि रिक्षात बसवून दिलं.

सोमवारी माझी साक्ष आहे. तो पडला होता, हे मी सांगेन, कारण ते खरं आहे. त्याने हात वर केला आणि मामा म्हणाला, हे सांगेन. आणि पडल्यावर तू त्याला मारलंस, तेही सांगेन. हे तुला माझ्याकडून आधी कळावं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको, म्हणून लिहिलं. तू समोर असशील. माझ्याकडे बघू नकोस, तुझ्या अंगठ्यावर माझी नजर गेली तर माझ्याने बोलवणार नाही. तुझा पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून पुतळाकडे दिला आहे. कॉलरचं बटण सैल झालं होतं, ते शिवलं आहे. सोमवारी तोच घाल.

तुझीच,
जमुनाताई