बोटभर खाली

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. आईकडे येऊन आठवडा होत आला आणि काल मी धीर करून बाबांची हत्यारांची पेटी उघडली. ते गेल्यापासून वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. तळाशी उरलेल्या स्क्रूंचा डबा अजून तसाच आहे. मिक्सर असो, घड्याळ असो, परत जोडलं की एखादा स्क्रू उरायचाच. आपण धास्तावून बघायचो आणि बाबा तो खिशात टाकत म्हणायचे, हाच तर रोग होता, काढून टाकला. आणि मिक्सर चालायचा! शेजारच्या शिवणकाकू सांगत होत्या की रोग काढल्यापासून त्यांचं मशीन जास्तच पळतं.

पण ताई, शेवटी शेवटी बाबांचा हात बिघडला होता गं. स्वयंपाकघरातली फळी इतकी खाली की माझं डोकं दोनदा आपटलं. बाथरूमच्या आरशात मला माझं बनियन तेवढं दिसतं. कपड्यांची दांडी गळ्याशी येते. फळी काढली तर मागे भिंतीत जुनी भोकं, पुट्टीने बुजवलेली, एकाखाली एक. माप चुकायचं, पुन्हा ठोकायचे, पुन्हा चुकायचं. बिचारे कुणाला काही बोलले नाहीत.

मी सगळं जागच्या जागी नेलं. अगदी वरची, पहिली भोकं शोधून तिथेच पक्कं बसवलं. एकही स्क्रू उरला नाही, म्हणजे रोग आतच राहिला असणार. आई खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, शीळ अगदी त्यांच्यासारखी घालतोस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

उद्या परत निघतो. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तू रागावतेस तेव्हाही तो उतू जाऊ दे.

तुझा,
पक्कड


ता. २ मार्च

चि. पक्कड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग डोळे पुसत बसले. पण आजचं कारण वेगळं आहे. शिवणकाकूंचा फोन आला होता. आई चहाचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि पडली. घाबरू नकोस, हाड शाबूत आहे, पाऊल मुरगळलं आहे.

मला काळजी वाटते ती त्याच्या आधीच्या गोष्टींची. हल्ली डबा काढून द्यायला ती काकूंना हाक मारते. ओले कपडे खुर्च्यांच्या पाठीवर टाकते. वेणी घालायला बाथरूम सोडून बाहेर कपाटाच्या आरशाशी जाते. विचारलं तर म्हणते, वय झालं. आपली आई हे म्हणते! बाबा गेले त्या आठवड्यातही जिने कुणाला भांड्याला हात लावू दिला नाही, ती महिन्याभरात इतकी खचली.

बाबांचं बोट एकदा धरलंस की सोडायचा नाहीस, म्हणून त्यांनी तुला पक्कड म्हटलं. आता एक गोष्ट आपल्याला सोडावी लागणार आहे. मी शनिवारी जाऊन आईला इकडे घेऊन येते. तिच्यासाठी खोली रिकामी केली आहे. घराला कुलूप लावावं लागेल. ती म्हणाली, मला माझ्या घरातून हलवू नका, बाकी काय वाटेल ते करा. पण मला दुसरा मार्ग दिसत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई


ता. ८ मार्च

प्रिय पक्कड,
खूप आशीर्वाद आणि एक धपाटा.

हे आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. काल बॅग भरून होत आली होती. आई मुकाट्याने साड्यांच्या घड्या करून देत होती आणि मला तेच बघवत नव्हतं. चहा तरी करावा म्हणून उठले. डबा सहज हाताशी आला. आई मागून म्हणाली, तुझे बाबा होते तोवर मीही उंच होते.

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. आठवतो का तुला बाबांचा तो विनोद? पाहुणे आले की आईला फळीशी उभं करायचे आणि सांगायचे, बघा, गेल्या वर्षी हिचा हात इथे पोचत नव्हता, आता पोचतो, या वयात बाई वाढते आहे! आपण म्हणायचो, बाबांना आता नवीन काही सुचत नाही.

अरे, ज्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, लिफ्ट आणि मजला यांत नखाएवढी पायरी राहिली तरी जे जेवायला घरी यायचे नाहीत, त्यांचं फळीचं माप चुकेल? आईची पाठ वाकत गेली, खांदा आखडत गेला, हात वर जाईना, तसतसं ते घर खाली आणत गेले. आणि स्वतः एवढे ताडमाड, दाढी करायला त्या आरशापुढे रोज वाकायचे. विचारलं तर म्हणायचे, समोरच्या गृहस्थांना नमस्कार करतो आहे.

आणि ते सगळं तू एका दिवसात नीट केलंस! मी रागावले नाही. मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि तेही वाकडं. बॅग रिकामी केली आहे. आई इथेच राहील. रजा टाक आणि ये, पेटी जागेवर आहे.

माझा लोभ तुझ्यावर आहे, धपाटा धरूनच.

ताई


ता. १७ मार्च

चि. पक्कड यास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाऊल आता बरं आहे. तुझं माफीचं पत्र मिळालं. मी ते पुन्हा वाचणार नाही आणि तूही तसलं पुन्हा लिहू नकोस.

मी गप्प का बसले, असं विचारलंस. अरे, तू त्यांची पेटी उघडलीस, कानावर पेन्सिल, जीभ दातांत धरलेली, वर ती शीळ. वर्षभराने घरात कुणीतरी ठोकाठोक करत होतं. मी काय सांगणार होते, थांब म्हणून? डबा नाही पोचला तरी चालेल, असं वाटलं. तेवढा माझा वेडेपणा झाला. तो घर सोडण्यापर्यंत येईल हे ध्यानात आलं नाही.

आणि मला तेव्हा कळत होतं का, असंही विचारलंस. दुपारी माझा डोळा लागला असं वाटलं की हे दबकत ड्रिल चालवायचे. दबकत ड्रिल चालवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मी तोंडावर पदर घेऊन हसू दाबत पडून राहायची. मग भुवयांवर भिंतीचा चुना तसाच, आणि साळसूदपणे म्हणायचे, जरा डबा दे बघू. माझा हात पोचायचा. मी म्हणायची, अगं बाई, खरंच वाढले की मी! त्यांचा चेहरा असा खुलायचा, की तेवढ्यासाठी मी आणखी कितीही वर्षं वाढत राहिले असते. मला कळतं हे त्यांनाही बहुधा कळत असणार. पण दोघांपैकी कुणी बोललं नाही आणि संसार मजेत झाला.

मी इथे ठणठणीत आहे आणि इथेच राहणार आहे. साहेबांकडे रजा नीट मागून ये. डोकं आपटलं तर तक्रार चालणार नाही, तुझे बाबाही त्या फळीला चुकवून चालायला शिकले होते. भेटीची वाट बघते.

तुझी,
आई

ता. क. फळी लावताना त्यांच्या शेवटच्या भोकांवर थांबू नकोस. त्याहून बोटभर खाली नवीन पाड. ते गेल्यापासून मी आणखी उंच झाले आहे.