नऊ इंची भिंतीपलीकडे

६ फेब्रुवारी १९९४, रविवार

हलली! सुई हलली! मधे नऊ इंची विटांची भिंत, पलीकडे स्वयंपाकघरात शेवंती बसलेली, आणि इकडे मी बनवलेल्या रडार-यंत्राची सुई तिच्या श्वासाबरोबर डुलतेय. छाती वरखाली होते तेवढ्यानेही रडारची लाट बदलून परत येते — पुस्तकात वाचलेलं, आज डोळ्यांनी पाहिलं. ओरडलोच, "शेवंती, तू दिसलीस!" तर म्हणते, "अहो, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आज दिसले होय?"

७ फेब्रुवारी

शेवंतीचा भाऊ दामाजी कोपरहून यंत्र बघायला आला. "दाजी, भिंतीपलीकडचं दिसतंय तर पाण्याखालचं मावरं दिसंल का?" मासे नाही दिसणार म्हटल्यावर त्याचा सगळा रसच गेला. कोळंबी मात्र ठेवून गेला. झकास झाली होती.

९ फेब्रुवारी

ठरलं! सोळा तारखेला अग्निशमन दलाचे साहेब यंत्र बघायला घरी येणार. किल्लारीच्या भूकंपाचे फोटो पेपरात पाहिले तेव्हापासून हेच डोक्यात आहे — ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे ते खणायच्या आधी कळायला हवं. बेशुद्ध माणूस हाक कुठून मारणार? म्हणून आता चाचणी झोपलेल्या माणसावर. शेवंतीची वामकुक्षी ठरलेलीच. खूश झाली. "झोपायचं काम कोण देतं हो!"

१० फेब्रुवारी

घोळ! ती झोपली की थोडा वेळ सुई छान चालते, मग मधेच ठप्प. वीस-वीस सेकंद. मग एकदम मोठी उसळी. कुठेतरी जोड सैल असणार.

१२ फेब्रुवारी

सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. डायोड बदलला. तरी तेच! चार दिवस उरलेत, हे यंत्र साहेबांसमोर माझं नाक कापणार. चिडचिड झाली. शेवंती म्हणाली, "हल्ली कितीही झोपलं तरी माझंपण अंग जडच असतं. दमलं असेल तुमचं यंत्र." हसू आलं. गुणाची आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दामाजीला बोलावून तिच्या जागी झोपवलं. पूर्ण तासभर. सुई एकदाही थांबली नाही.

यंत्र ठीक आहे. पहिल्यापासून ठीक होतं.

साहेबांना आत्ता येऊ नका म्हणून कळवलं. दुपारी ती आडवी झाली तेव्हा यंत्र लावलं नाही. भिंतीच्या त्या बाजूला, तिच्या उशाशी बसलो. श्वास थांबला की खांदा हलवत होतो. उद्या सकाळी डॉक्टर.